पट्टीभाऊ आणि सत्तावन्नावी ओळ

माझ्या दुकानातल्या तिन्ही मॉनिटरांवर आडवे ओरखडे आहेत. ते पट्टीभाऊंनी पाडले. शाळेतली मुलं वापरतात तसली एक फुटाची लाकडी पट्टी ते पडद्याला टेकवत, तिच्यावरची ओळ मोठ्यानं वाचत, पट्टी एक ओळ खाली सरकवत आणि पुढची वाचत. मी त्यांना दाखवलं होतं, भाऊ, ओळीवर क्लिक करा, ती आपोआप निळी होते. ते म्हणाले, "निळी झाली तं काय झालं? बोट लागलं की पुन्हा पांढरी. माझी पट्टी मी उचलल्याशिवाय हालत नाई." तिसरा मॉनिटर नवा आणला तेव्हा मी त्याच्यावरचं प्लास्टिक मुद्दाम ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी आलो तर ते काढून, नीट घडी करून माझ्या टेबलावर ठेवलेलं. "अक्षर धूसर दिसत होतं, शेठ."

हे 'शेठ' म्हणजे टोमणा होता. मी शेठ नाही. अहेरीच्या आठवडी बाजारात आईबरोबर बांबूच्या टोपल्या विकत मोठा झालो, जुनी झेरॉक्स मशीन घेऊन रस्त्यावर टपरी टाकली, आणि आज माझ्या दुकानात अर्ज, दाखले, उतारे, छपाई सगळं होतं. हे कोणी मला दिलेलं नाही. म्हणून कोणी माझ्या दुकानाच्या नावाला हात लावला की माझं डोकं फिरतं. पट्टीभाऊंनी हात लावला, तोही चारचौघांत. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, पण ते गेले म्हणजे फक्त मुलचेऱ्याला मुलीकडे राहायला गेले आहेत, आणि राग धरावा इतके ठणठणीत आहेत.

एका सरकारी कचेरीत त्यांनी सगळी नोकरी नकला करण्यात काढली. जुना कागद समोर ठेवायचा, त्याची हुबेहूब प्रत लिहायची, खाली 'खरी नक्कल' असा शिक्का मारायचा. निवृत्त झाल्यावर घरात करमेना म्हणून माझ्याकडे येऊन बसू लागले. आधी पंख्याखाली बसायचे, मग कोपऱ्यातल्या मशीनवर. मी त्यांना कामावर ठेवलं असं म्हणता येणार नाही. एके दिवशी लक्षात आलं की गिऱ्हाइकं आत येऊन आधी त्यांना नमस्कार करतात, मग मला.

त्याच सुमारास मी पीडीएफमधला मजकूर काढणारा प्रोग्राम घेतला. आमच्याकडे सगळे सरकारी कागद पीडीएफमध्ये येतात. बघता येतात, छापता येतात, पण त्यातलं एक नाव बदलायचं म्हटलं तर सगळं पुन्हा टाइप करावं लागतं. हा प्रोग्राम फाइल उघडायचा, एक बटण दाबलं की आतली अक्षरं काढून कोऱ्या तक्त्यात ओतायचा. चाळीस पानं, चहा येण्याच्या आत. मी दुकानाबाहेर बोर्ड लावला. पट्टीभाऊंनी चष्मा वर करून तो बोर्ड वाचला आणि विचारलं, "काढते ते ठीक आहे. काढलेलं मोजते का?"

प्रोग्रामच्या खोड्या त्यांनी माझ्याआधी ओळखल्या, हे मला कबूल करावं लागतं. कागदाचा नुसता फोटो काढून पीडीएफ केलेली असेल तर त्यातून काहीच निघत नाही, कारण आत अक्षरं नसतातच. मी मशीनला शिव्या घालायचो. भाऊ म्हणायचे, "तिच्यावर काऊन ओरडतो? फोटोतल्या भाकरीनं पोट भरते का?" जुन्या मराठी फाँटात केलेली फाइल असली तर सगळा मजकूर परदेशी चिन्हांचा चिवडा होऊन बाहेर पडायचा. एका कचेरीच्या फायली नेहमी तशाच यायच्या. भाऊंनी वहीत कोणत्या चिन्हाचं कोणतं अक्षर हे लिहून काढलं आणि महिनाभरात तो चिवडा वर्तमानपत्र वाचावं तसा वाचू लागले. गिऱ्हाइकं तोंडात बोटं घालायची. मी मनात म्हणायचो, दोन सेकंदांच्या कामाला हा माणूस अर्धा दिवस लावतो आणि कौतुक मात्र याचंच.

त्यांचा एक हट्ट होता. मशीनमधून निघालेली कोणतीही यादी मूळ कागदाशी ताडून, मोठ्यानं वाचल्याशिवाय दुकानाबाहेर जाऊ द्यायची नाही. "डोळा भिडस्त असते, गा. ओळखीचं दिसलं की पुढे जाते. कान भिडस्त नाई." गर्दीच्या दिवशी दुकानात त्यांचं हे वाचन चालू असायचं, क्रमांक एक, अमुक, क्रमांक दोन, तमुक, आणि बाहेर रांग लागलेली. मी किती वेळा ओरडलो असेन. ते थांबायचे, मी गप्प होईपर्यंत पट्टी तिथेच धरून ठेवायचे, आणि त्याच ओळीपासून पुन्हा सुरू.

आता माझ्या रागाचं खरं कारण सांगतो.

मुलचेऱ्याच्या बाजूला, जंगलात आत एक गाव आहे. नाव लिहीत नाही, त्यांना अजून त्याच कचेऱ्यांत जायचं आहे. त्या गावच्या सत्तावन्न कुटुंबांचे वनहक्काचे दावे मंजूर झाले होते. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, मिळायचा होता, आणि तो नवरा-बायको दोघांच्या नावानं असतो. कचेरीनं यादी पीडीएफमध्ये दिली: दावेदाराचं नाव, पती किंवा पत्नीचं नाव, जागा, क्षेत्र. ती तक्त्यात घेऊन, दोन-चार गावकऱ्यांच्या नावांतल्या चुका सुधारून, ग्रामसभेचे अंगठे घेऊन परत द्यायची होती. त्यावरून पट्टे छापले जाणार होते.

गावचे अध्यक्ष दोन माणसं घेऊन आले. त्यांनी संध्याकाळपर्यंत यादी मागितली, मी म्हटलं एक तास. मला त्या गावाचं एवढंसं काम नको होतं. आजूबाजूच्या बारा गावांच्या याद्या यायच्या होत्या आणि मला त्या सगळ्या हव्या होत्या. मी बटण दाबलं, तक्ता आला, सांगितलेल्या चुका सुधारल्या. खाली पाहिलं तर सत्तावन्नाव्या ओळीत चिन्ना नावाच्या माणसापुढे बायकोचा रकाना रिकामा. मी ठरवून टाकलं, हा बिनलग्नाचा असेल. तिथं एक रेघ मारली आणि छापायला दिलं. पट्टीभाऊ पट्टी घेऊन उभे राहिले तेव्हा मी म्हटलं, "भाऊ, आज नाही. या लोकांना बस पकडायची आहे." ते बसले. एक शब्द बोलले नाहीत, हे मी पुढे वर्षभर लोकांना सांगत आलो.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती. मी मोटरसायकलनं गेलो, अंगठ्याची शाईसुद्धा मीच नेली. गोटुलासमोर, म्हणजे गावच्या सामायिक घरासमोर, मोहाच्या झाडाखाली माणसं एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला बसलेल्या. त्या गावाची रीत अशी की यादी मोठ्यानं वाचायची, प्रत्येकानं आपलं नाव आल्यावर हो म्हणायचं, मगच अंगठा. मी अध्यक्षांना बाजूला घेऊन पटवलं, छापलेलंच आहे, मशीनवरचं आहे, वाचण्यात दिवस जाईल, उद्या कचेरीची तारीख आहे. घासाघीस मला जमते. ते हो म्हणाले. शाईची डबी उघडली, आणि रस्त्याकडून पट्टीभाऊ चालत आले. सकाळच्या बसनं आले होते. बगलेत कचेरीच्या मूळ पीडीएफची छापलेली प्रत, हातात पट्टी.

"अंगठ्याच्या आधी एकदा ऐकून घ्या जी," ते म्हणाले. अध्यक्षांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. माझाच माणूस.

मी छापलेली यादी घेऊन, तिच्यावर पट्टी टेकवून ते वाचू लागले. अठरापर्यंत सगळे हो, हो म्हणत गेले. मग, "क्रमांक एकोणीस. जैनीबाई. नवरा, सखू."

जैनीबाई विधवा. ती आधी दचकली, मग पदर तोंडाला लावून हसली. सखू तिच्या शेजारीच बसली होती. "घे वं, आता माह्या घरी नांदाले ये," सखू म्हणाली आणि सगळी सभा हसली.

"क्रमांक वीस. लालसू. बायको, पेंडी."

पेंडीचा नवरा मागून ओरडला, "अन् मी कोनाले घेऊ बाप्पा?"

एकवीस, बावीस, तेवीस. प्रत्येकाच्या पुढे शेजाऱ्याची बायको. जैनीबाईंच्या ओळीत मूळ कागदावर नवऱ्याचा रकाना कोरा होता. प्रोग्रामनं कोरा रकाना मोजलाच नाही, आणि खालची सगळी नावं एक-एक घर वर सरकली. गावात सगळे हसत होते. माझे कान तापले होते. पण तिसाच्या पुढे हसू कमी होत गेलं. चाळीसनंतर कोणी हसेना. अंगठ्याची शाई उघडीच होती आणि माणसं तिच्याकडं बघत होती.

"क्रमांक सत्तावन्न. चिन्ना. बायको..." भाऊ थांबले. "रेघ."

चिन्नाची बायको रुक्मा उभी राहिली. कडेवर लेकरू होतं. "अन् मी कुठी हाये?"

तिनं पुन्हा विचारलं, या वेळी थेट मला. "तुमी लिवलं ना? माहं नाव कुठी गेलं? त्या वावरातले दगड मी येचले. ह्यानं नाई, मी."

मी म्हटलं, "बाई, ते प्रोग्रामनं..."

"प्रोग्रामनं जागा रिकामी सोडली होती," पट्टीभाऊ म्हणाले. "रेघ आपल्या दुकानातून पडली."

आपल्या! तो शब्द मला माझ्या नावानं घातलेल्या शिवीपेक्षा झोंबला.

सभा मोडली. दोन माणसं कचेरीत जाऊन आठ दिवसांची मुदत मागतील असं ठरलं. बसथांब्यावर मी भाऊंना गाठलं आणि जे तोंडाला आलं ते बोललो. म्हटलं, ज्या ताटात जेवलात त्यातच थुंकलात. माझ्या दुकानाची इज्जत तुम्ही जंगलात नेऊन टाकली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू भाव करनारा मानूस आहे. दुकानाची इज्जत एका पारड्यात ठेव, त्या बाईचं अर्धं वावर दुसऱ्यात. कोनतं भारी, तूच सांग."

"उद्यापासून येऊ नका," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. बस आली, चढले, खिडकीशी बसले. मागं वळून पाहिलं नाही. मी मात्र बस दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभा, शिव्या देत.

ती यादी मी पुन्हा केली. मूळ कागद समोर ठेवून एक-एक ओळ स्वतः मोठ्यानं वाचली. घसा बसला. गिऱ्हाइकांच्या अंगावर ओरडलो, एकाला तर परत पाठवलं. दीड दिवस लागला. दुसऱ्या ग्रामसभेत अध्यक्ष म्हणाले, "तुमीच वाचा." अहेरीत ज्याच्यापुढे बोलायची कोणाची हिंमत नाही तो मी, मोहाखाली उभा राहून सत्तावन्न नावं वाचत होतो आणि घाम पुसत होतो. एकोणीसला जैनीबाईंचा रकाना आला तेव्हा 'कोरा' म्हणालो. तिनं मान हलवली. सत्तावन्नाला 'चिन्ना, बायको रुक्मा' म्हणालो. रुक्मा लगेच हो म्हणाली नाही. "आणखी एकदा वाचा," म्हणाली. मी वाचलं. मग तिनं नवऱ्याच्या अंगठ्याशेजारी आपला अंगठा असा दाबला की कागदाच्या मागच्या बाजूनं शाई दिसत होती. पट्टे आले तेव्हा तिचं नाव त्याच्यावर होतं. भाऊ त्या सभेला आले नव्हते.

बारा गावांपैकी नऊ गावं पुढे माझ्याकडे आली. दारात उभं राहून प्रत्येकानं एकच विचारलं, "पट्टीभाऊ वाचतीन ना?" मी प्रत्येकावर चिडलो आणि प्रत्येकाला म्हटलं, मी वाचीन. काही थांबले, काही गेले. जे थांबले त्यांच्यासमोर वाचतो. माझा वेळ जातो, रांग वाढते, आणि दर वेळी त्या माणसाचा राग येतो.

परवा शेवटी फोन लावला. त्यांच्या मुलीनं उचलला, भाऊंना दिला. तब्येत विचारली, मुलचेऱ्याचं पाणी मानवलं का विचारलं. मग राहवलं नाही. म्हटलं, "भाऊ, एवढा वेळ दुकानात बसले होते. चूक दिसली होती तं मले तिथंच काऊन नाई सांगितलं? चारचौघांत माझी शोभा करायची काय गरज होती?"

पलीकडे भाऊंनी मुलीला टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितलं.

"दोनदा सांगितलं, बाबू," ते म्हणाले. त्यांनी मला कधी बाबू म्हटलं नव्हतं. "तिसऱ्यांदा तुह्या खांद्याले हात लावून सांगितलं. तू त्या अध्यक्षासंगं बारा गावांचा भाव करून राह्यला होता."