जुनी डिस्क मेलेली नाही

आज मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, दौंडच्या कॉम्प्युटरवाल्यांनी माझी आठ वर्षांची स्वप्नं मेली असं जाहीर केलं.

कम्युनिटीतल्या मंडळी, पहाटे पडलेलं स्वप्न मी कॉम्प्युटरवर लिहून ठेवते. ती सगळी जुन्या, रुंद पट्टीसारख्या वायरच्या हार्ड डिस्कमध्ये आहेत. तिच्यातलं विंडोज बिघडलं म्हणून कॉम्प्युटरवाल्यांकडून तिच्याशेजारी बारीक वायरची, विंडोज टाकलेली नवी डिस्क बसवून घेतली, तर स्क्रीन काळाच. ते म्हणाले,

"बाई, जुनी मेली हाय, फेकून द्या. जुनी आन् नवी एका डब्यात नांदत न्हाईत."

"सासू-सून आहेत का त्या?"

कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन एसटीने न्हावऱ्याला घरी आले. बाहेर उसावर ऊन तरंगत होतं.

कॉन्व्हेंटात सिस्टर सांगत, तपासल्याशिवाय उत्तर देऊ नये. मी कॉम्प्युटर सुरू होतानाचं सेटिंग उघडून तपासलं. कॉम्प्युटर सवयीने आधी जुनीलाच उठवत होता. नवीला पहिला नंबर दिला आणि स्क्रीन उजळला.

जुनीतलं पहिलंच स्वप्न उघडलं. भीमेच्या पाण्यावरून आवाज न करता गाडी चाललीय, खिडकीत आई केस विंचरतेय.

कॉम्प्युटरवाले, तुम्हीही या कम्युनिटीत आहात. न तपासता आजवर किती जिवंत डिस्क फेकायला लावल्या, हे शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी कळवा.