गोरक्ष पेंटरची रेल्वेगाडी

आमचे मालक पेंटर. गोरक्ष पेंटर म्हनलं की काष्टीच्या बाजारात कुनीबी घर दाखवील. पन त्यांच्या जिवाचा तुकडा म्हंजी गावातली शाळा. इंग्रजांच्या काळातली, काळ्या दगडाची. दर सरपंचाला नवा रंग पायजे, अन् मालक त्या दगडावर ऑइलपेंट चोपडायचे. शाळा गुलाबी झाली, निळी झाली, शेवटी तर कमानीपासनं कोपऱ्यापतुर आख्खी रेल्वेगाडी काढली! पोरं वर्गात न्हाई, डब्यात शिरायची. परगावची मानसं बघायला यायची, अन् आमच्या मालकांचे पाय काय जमिनीला लागत न्हवते.

यंदा माजी विद्यार्थ्यांनी ठरवलं, सगळा रंग खरवडून जुना दगड मोकळा करायचा. मुख्याध्यापिका राजनंदिनी मॅडमनीबी मान डोलावली.

झालं! मालकांना घास गिळंना. "माझा जलम त्या भिंतीवर गेला, जयमाला. आता मी हितं काय केलं ते कोन सांगनार?"

"मी सांगंन की. तुमचे सदरे धुऊन हात झिजले माझे," मी म्हनलं. पन हसले न्हाईत. मला लई वाईट वाटलं.

कामाच्या पहिल्या दिवशी मालक शाळेसमोरच्या पारावर तोंड फिरवून बसले. मजुरानं कमानीला ग्रायंडर लावला. खर्रकन आवाज झाला अन् दगडाची कपची उडाली. मालक ताडकन उठले.

"अय बाबा, हो बाजूला! दगड खातो का काय?"

मशीन बंद करायला लावली. मला म्हनले, "पळ, तुझं उलथनं आन." माझं भाकरीचं उलथनं गेलं ते गेलंच! थिनर लावायचं, हळूच खरवडायचं. इंजिन गेलं, निळा गेला, गुलाबी गेला. खालून कमानीवरचं कोरीव कमळ वर आलं, पाकळी न् पाकळी. पोरांनी वरडून शाळा डोक्यावर घेतली.

मालक मागं सरकून बघतच ऱ्हायले. "कसलं देखनं हाय गं! अन् मी हे झाकून ठेवलं हुतं?"

"व्हय, तुमीच. एकदा न्हाई, तीनदा!"

तवा कुठं हसले, डोळ्यांतनं पानी येईस्तवर.

पंधरा दिसांनी सांजच्याला कोपऱ्यातला शेवटचा डबा तेवढा ऱ्हायला. मॅडम म्हनल्या, "गोरक्षभाऊ, एवढा राहू द्या. तुमची आठवण."

मालकांनी डब्यावरनं हात फिरवला.

"नको मॅडम. ह्याच्याखाली बी दगड असंल की," म्हनले, अन् खरवडायला लागले.