पूर्वेस नाला

प्रभाग रचनेचा मसुदा पालिकेच्या फळ्यावर लागला, त्या दिवशी मी शाळा सुटल्यावर सरळ तो वाचायला गेलो आणि वाचता वाचताच माझं डोकं फिरलं. माझं डोकं तसंही लवकर फिरतं. बायको म्हणते, तुमच्या नाकावर राग बसलेला असतो, म्हणून चष्म्याला जागा उरत नाही. पण त्या दिवशी ती बरोबर असती तर तीही चिडली असती. प्रभाग तीनच्या हद्दी दिल्या होत्या : उत्तरेस महामार्ग, पश्चिमेस बाजाररस्ता, दक्षिणेस नदी, पूर्वेस नाला. शेवटच्या त्या दोन शब्दांनी आमची वस्ती मधोमध चिरली होती.

गावाचं नाव मी सांगणार नाही. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात शहर म्हणवून घेणारी गावं आहेतच किती, ज्याला ओळखायचं त्याने ओळखावं. मी सरकारी शाळेत मास्तर आहे आणि निवृत्तीला अजून अवकाश आहे. वस्ती म्हणजे आमची बौद्धवाडी. पूर्वेच्या अंगाला विहार, आणि विहाराच्या मागे पऱ्या. पऱ्या म्हणजे पावसाळ्यात डोंगरावरून धावत येणारं आणि शिमग्याच्या आत आटून जाणारं पाणी. आमच्याकडे वाडी तिथे पऱ्या असतोच. आमची वस्ती पऱ्याशी संपते, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे.

नाला ही वेगळी चीज. पालिकेने सात-आठ वर्षांपूर्वी वस्तीच्या पोटातून काँक्रीटचं एक गटार काढलं, त्यावर लाद्या टाकल्या आणि त्याला नाला असं भारदस्त नाव दिलं. बाया त्या लाद्यांवर वाल वाळत घालतात. दोन ढांगांत तो ओलांडता येतो. मसुद्याच्या नकाशात ठळक काळी रेघ याच गटारावरून गेली होती. अलीकडची घरं प्रभाग तीनमध्ये, पलीकडची घरं आणि विहार प्रभाग चारमध्ये. माझं घर पलीकडे, काकीचं अलीकडे.

आता काकीचं सांगतो, कारण सगळी गोष्ट तिचीच आहे. काकी माझी सख्खी चुलती. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. सरकारी दवाखान्यात ती आया होती. निम्म्या वस्तीला पहिली अंघोळ तिच्या हातची. कुणाला दाखला हवा असो की कुणाच्या घरी पाण्याची लाइन तुटलेली असो, माणसं आधी काकीकडे जातात आणि मग पालिकेत. तिला या खेपेला निवडणुकीला उभं राहायचं होतं. आमच्या वस्तीतला एकही माणूस आजवर पालिकेच्या सभागृहात बसलेला नाही. बाजारातले पुढारी मतं मागायला यायचे आणि जाता जाता म्हणायचे, तुमची मतं ती कितीशी! पण मधल्या काळात वस्ती वाढली. पुरानंतर नदीकाठची घरं सोडून माणसं वर आली. बिरवाडीच्या कारखान्यांजवळ खोली न मिळालेल्या कामगारांनी आमच्याकडे संसार मांडले. मुंबईला गेलेले काही जण म्हातारपणी परतले. वस्ती एकगठ्ठा राहिली तर काकी येते, हे शेंबडं पोरही सांगत होतं. आणि नेमकी तेव्हाच ही रेघ.

मसुद्याच्या वर लिहिलं होतं, 'लोकसंख्येतील बदल विचारात घेऊन'. कसला बदल आणि कसला विचार! आकडे चौदा वर्षांपूर्वीच्या जनगणनेचे. त्यात पुरानंतर आलेलं एकही घर नव्हतं. जी माणसं मोजलीच नाहीत, त्यांच्या वाढीपायी म्हणे हद्दी बदलायच्या. हे वाचूनही ज्याचं रक्त उकळत नाही त्याचं मला नवल वाटतं.

मी काकीला सांगायला गेलो तेव्हा ती ओटीवर वाल निवडत होती. मी अख्खा मसुदा तिला वाचून दाखवला. ती शेवटच्या शब्दावर थांबली.

"पूर्वेला नाला कुठं हाय? पूर्वेला पऱ्या हाय. लिवणाराला काय डोळं नव्हतं काय?"

"काकी, ज्या कोणी हे लिहिलंय ना, त्याला मी सोडत नाही," मी म्हटलं.

हे वाक्य मी त्या आठवड्यात जो भेटेल त्याला ऐकवलं. हरकत नोंदवायची मुदत थोडी होती. मी अर्ज लिहिला आणि दोन संध्याकाळी घरोघर फिरून सह्या घेतल्या. एसटीचे एक निवृत्त ड्रायव्हर आमचे शेजारी. त्यांनी पेन हातात घेतलं आणि म्हणाले, "सही देतो मास्तर, पण शुद्धलेखन तपासू नका." सगळे हसले, मीही हसलो. माणसांच्या बोलण्यात चुका काढायची माझी खोड वस्तीत कुप्रसिद्ध आहे. 'नाय' म्हटलं की मी 'नाही' म्हणतो, 'लिवलं' म्हटलं की 'लिहिलं'. मास्तरकीने अंगात मुरलेला रोग, दुसरं काय.

अर्जात मी स्पष्ट लिहिलं की वस्तीची पूर्वेची हद्द पऱ्या आहे, नाला नव्हे. सुनावणीला मी आणि काकी गेलो. काकीने कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसली होती. अधिकारी घाटावरचा, तरणा, वागायला अदबशीर. त्याने अर्ज वाचला आणि मान वर करून विचारलं, "हे पऱ्या कोण? त्यांच्या मालकीची जागा आहे का ही?"

काकीला हसू फुटलं. माझ्या मात्र कानशिलात आग झाली, कारण हा प्रश्न मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकत होतो. पहिल्यांदा ऐकला तो पुण्यात, डीएडला असताना. वर्गात गावाचं वर्णन करायला सांगितलं होतं. मी उभा राहून म्हटलं, आमच्या घरामागे पऱ्या आहे. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "कोण पऱ्या? तुझा भाऊ का?" अख्खा वर्ग खदखदला. पुढची दोन वर्षं हॉस्टेलवर मला त्याच नावाने हाक मारत होते. त्या दोन वर्षांत मी माझी भाषा धुऊन, पिळून, वाळत घातली. परत आलो तो पुस्तकातलं बोलायला लागलो आणि दुसऱ्यांनीही तसंच बोलावं म्हणून त्यांच्या मागे लागलो.

मी अधिकाऱ्याला पऱ्या म्हणजे काय ते समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि कारकुनाला एक फाइल आणायला सांगितली. "आम्ही मनाने काही लिहीत नाही, गुरुजी. जनगणनेच्या गटाच्या ज्या हद्दी नोंदलेल्या आहेत त्याच आम्ही घेतल्यात. हा पाहा मूळ नजरी नकाशा." त्याने कागद फिरवून माझ्यापुढे सरकवला.

हाताने काढलेला नकाशा होता. पक्क्या घराला चौकोन, कच्च्या घराला त्रिकोण, आणि प्रत्येकात क्रमांक. विहाराची जागा बरोबर दाखवली होती. विहारामागे एक नागमोडी रेघ होती आणि तिच्या कडेने वळणदार अक्षरात लिहिलं होतं, नाला. खाली प्रगणकाची सही होती. ती माझी होती.

मला सगळं आठवलं. तेव्हा मी नोकरीत नवा होतो. भर उन्हात डोक्याला रुमाल बांधून मी वस्तीतलं घर न् घर मांडलं होतं. पऱ्यापाशी आलो आणि हात थांबला. सरकारी कागदावर पऱ्या लिहायची मला लाज वाटली. वाटलं, वरचा साहेब वाचेल आणि हसेल. म्हणून मी शुद्ध केलं. तेव्हा वस्तीत दुसरा नाला नव्हताच, त्यामुळे चूक आहे हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. पुढे गटार बांधलं गेलं, त्याचं नाव नाला पडलं, आणि कचेरीत बसून रेघ ओढणाऱ्याला जागेवर एकच नाला सापडला. वस्तीतली डोकी मोजली तीनमध्ये आणि निम्मी मतं टाकली चारमध्ये.

"काय लिवलंय रे त्यात?" काकीने विचारलं.

"नाला," मी म्हटलं. मग म्हटलं, "मीच लिहिलंय."

मी अधिकाऱ्याकडे वळलो. चूक माझी आहे, मला पऱ्याच म्हणायचं होतं, असं त्याला स्पष्ट सांगितलं. त्याने विचारलं, "मग पऱ्याच का नाही लिहिलंत?" तोंड तरी कुणाविरुद्ध उघडायचं? आपलेच दात, आपलेच ओठ.

तरीही मी भांडलो. राग स्वतःचा असला तरी तो काढायला समोर माणूस लागतो. म्हटलं, साहेब, या नकाशातला नाला विहाराच्या मागे आहे, चालत चला, पाच मिनिटांवर पऱ्या आहे, डोळ्यांनी बघा. तो म्हणाला, नजरी नकाशा मापाचा नसतो, त्यातली रेघ नाही, लिहिलेलं नाव धरतात, आणि स्थळपाहणीला वेळापत्रकात जागा नाही. तुमच्याकडे कागद असेल तर द्या, पऱ्या हा शब्द असलेला कोणताही जुना कागद चालेल. मी दोन दिवस मागितले आणि ते मिळाले. त्या दोन दिवसांत मी सातबारे पाहिले, पाणीपट्टीच्या नोंदी पाहिल्या, शाळेची जुनी दप्तरं उपसली. कुठे ओढा, कुठे नाला, कुठे ओहोळ. पऱ्या एकाही कागदावर नव्हता. माझ्यासारखा शहाणा प्रत्येक कचेरीत, प्रत्येक काळात एकेक बसलेला होता आणि प्रत्येकाने तो शब्द खोडून शुद्ध केला होता. वस्तीतल्या सगळ्या तोंडांत जो शब्द आहे, तो कागदावर लिहिण्याच्या लायकीचा आमच्यातल्या कुणालाच वाटला नाही. त्या साहेबाचा मला राग होताच, अजूनही आहे. पाच मिनिटं चालायला त्याचे पाय झिजणार नव्हते. पण त्याने निदान शब्दाचा अर्थ तरी विचारला. मला अर्थ माहीत असून मी तो पुसला.

हरकत फेटाळली गेली. अंतिम रचना तशीच लागली आणि मतदार यादी त्याच रेघेने फुटली. पुढे सोडतीत प्रभाग तीनची जागा महिलेसाठी निघाली, तेव्हा लोक काकीला म्हणाले की आता उभी राहाच. ती अपक्ष उभी राहिली. चिन्ह मिळालं कपबशी. प्रचारात ती गटाराच्या दोन्ही बाजूंना फिरली. मी तिला दोनदा सांगितलं की पलीकडे फिरून उपयोग नाही, ती मतं तुला नाहीत. ती म्हणाली, "मी काय मतांसाठीच जाते काय तिकडं?"

मतदानाच्या दिवशी सकाळी मी चारच्या केंद्रावर गेलो. यंत्रासमोर उभा राहिलो आणि सगळं ठाऊक असूनही वरपासून खालपर्यंत कपबशी शोधली. मग सगळ्यात खालचं, वरीलपैकी कोणीही नाही, ते बटण इतक्या जोरात दाबलं की बोट दुखलं. बाहेर पलीकडच्या आळीतली एक म्हातारी काठी आपटत काकीचं घर गाठायला निघाली होती. तिच्या दोन्ही पोरांचा जन्म काकीच्या हातावरचा. काकीच्या अंगणात जाऊन ती खच्चून ओरडली, "अगो, तू उभी हायेस ना? मग तुझी कपबशी कुठं गेली? मी किती येळ शोधली! पोलीस बोलला, आजी, चला आता."

काकीने तिला हाताला धरून ओटीवर बसवलं. यादी, प्रभाग, रेघ, सगळं दोनदा समजावलं. म्हातारीला ते शेवटपर्यंत पटलं नाही. काकीनेच आपलं नाव मागे घेतलं आणि कुणाला सांगितलं नाही, असं म्हातारी अजूनही बोलते.

काकी पडली, आणि थोडक्यात पडली. पलीकडची एक आळी मिळाली असती तरी भागलं असतं. निवडून आलेल्या बाईंची मिरवणूक बाजाररस्त्यानेच फिरली, आमच्या बाजूला आलीही नाही. संध्याकाळी मी काकीकडे गेलो. ती पत्रकांच्या उरलेल्या गठ्ठ्याला दोरी बांधत होती. सुनावणीनंतर आम्ही त्या नकाशाबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. त्या दिवशी मला राहवलं नाही.

"काकी, हे माझ्यामुळे झालं. मला शिव्या दे, पण काहीतरी बोल."

तिने गाठ मारली, दोरीचं टोक दाताने तोडलं.

"तुझा काय दोष रे," ती म्हणाली. "तुला पुण्याला शिकायला मीच धाडला."

ती चिडून बोलली असती तर मी भांडलो असतो, पण ती चिडलेली नव्हती.