नातीचा संघ आणि माझं आंदोलन

कप आधी खाली ठेवा. हसताना चहा अंगावर सांडला तर मला बोल लावाल. मी आयुष्यात चुका थोड्या केल्या. पण ही एक अशी केली, की तिच्यात अख्खं गाव, सरकारी कचेरी आणि माझी नात, सगळेच सापडले.

मी चौथीपर्यंत शिकलो. पण कबड्डी मला शिकवू नका. आमच्या वेळी तिला हुतूतू म्हणायचे. पोळा झाला की पैनगंगेच्या वाळूत सामने व्हायचे. मला धरायला चार जण लागत. विचारा कोणालाही. म्हणजे, जे जिवंत आहेत त्यांना विचारा.

शीतल माझ्या मुलाची मुलगी. तेव्हा आठवीत होती. अंगानं कापसाच्या पऱ्हाटीची काडी, पण पळायला लागली की शेळी मागे राहील. तामसी आमचं मंडल, म्हणजे तुमच्याकडच्या तालुक्यासारखं. तामसी मंडलाच्या मुलींच्या संघात तिला घेतलं. पुढे आदिलाबादला मोठे सामने व्हायचे होते. घरात आनंद. मी गावात छाती काढून फिरू लागलो.

संघ तयार करणारे शाळेतले पीईटी सर, म्हणजे खेळाचे मास्तर. तेलुगू माणूस, मंचेरियलकडचा. मराठी बोलायचा, पण आपल्या पद्धतीनं. मला 'ताता' म्हणायचा. तेलुगूत ताता म्हणजे आजोबा.

प्रत्येक सामन्याला मी हजर. लोक सावलीत बसत, मी रेघेपाशी उभा. पोरगी कबड्डी-कबड्डी करत समोरच्यांच्या अंगणात शिरली, की आजानं गप्प उभं राहायचं का? तुम्हीच सांगा.

"डाव्या अंगानं जाय! वाक! वाक म्हन्तो ना! पाय मांगं घे!"

एवढं शिकलेलं मी फुकट देत होतो. आणि सर काय करत? शीतलला थोडा वेळ आत पाठवत, मग बाहेर बोलावून बाकावर बसवत. बाकीच्या पोरी खेळत. आमची पाण्याच्या बाटल्या सांभाळी.

एक सामना पाहिला. दुसरा पाहिला. तिसऱ्याला गेलोच सरांकडे.

"काऊन वो सर, माह्या नातीले बसवून काऊन ठेवलं?"

"ताता, वेळ आला की खेळवतो."

"कवा येते वेळ? सामना सरून राह्यला ना!"

"ताता, तुमी आरामसे बसा. पानी प्या."

मला पाणी! नातीला बाक आणि मला पाणी! मी तिथंच ठरवलं, हा संघ सोडायचा.

घरी सांगितलं. शीतलच्या बापाचा प्रश्नच नव्हता, तो माझ्यापुढे बोलत नाही. म्हातारी मात्र बोलते.

"पोरीले इचारलं का?"

"पोरीले काय इचाराचं? तिले काय समजते?"

"खेळते कोन? तुमी का ती?"

म्हणून विचारलं. "काय वं शीतल, तुले खेळाचं हाय का नाई?"

"खेळाचं हाय, आबाजी."

"मंग या सराकडं बसून काय फायदा?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, आणि भाकरीचा मोठा घास तोंडात कोंबला. झालं. मी म्हटलं, पोरगी तयार आहे.

त्याच सुमारास आमच्याकडे सगळंच हलत होतं. राज्य नवं झालं होतं, आता जिल्हे नवे. एका आदिलाबादचे चार होणार. मंडलंही कापून नवी करत होते. आमच्या नाल्यापलीकडच्या गावाला नवं मंडल येणार, आणि आमचं गाव तामसीतून निघून त्यात जाणार, अशी बातमी होती. तिथला एक तरुण, मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला, नव्या मंडलासाठी मुलींचा संघ जमवत होता. मी नाला ओलांडून त्याच्याकडे गेलो.

"किती पोरी हायेत?"

"सहा, काका. तुमची आली का सात."

कबड्डीत खेळतातच सात! मनात म्हटलं, वा. इथं बसवायला कोणी उरतच नाही. तरी खात्री केली.

"बाक हाय का?"

"बाक कायचा, काका? आमी पोत्यावर बसतो."

बाकच नसलेला संघ! मला तो तिथंच आवडला.

"पन काका," तो म्हणाला, "ज्याचं गाव ज्या मंडलात, त्यानं तिकडूनच खेळाचं, असा नियम हाय. तुमचं गाव आमच्यात येनार, म्हनून जमते हे."

"येनारच हाय," मी म्हटलं. "सरकारनं ठरवलं ते कोन फिरवते?"

हे वाक्य लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं.

शीतल नाल्यापलीकडे जाऊ लागली. पूर्ण वेळ खेळू लागली. मी कडेला उभा राहून सांगू लागलो. तो तरुण मला पाणी प्या म्हणाला नाही. कसा म्हणेल? शीतल गेली असती तर त्याच्याकडे सहाच उरल्या असत्या.

इकडे गाव पेटलं. नव्या मंडलाला जायला बस नाही, पावसाळ्यात नाला भरला की जाणं बंद. तामसीला बस, बँक, सगळं. लोक मारुतीच्या पारावर जमले. मला बोलावलं. गावात आवाज कोणाचा मोठा? माझा. मी उभा राहिलो.

"मरू पन नवीन मंडलात जानार नाई! गाव तामसीतच राहीन!"

टाळ्या पडल्या. टाळ्या वाईट असतात हो. एकदा पडल्या की माणूस पुन्हा तेच बोलतो, आणखी जोरात. मी बोललो. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर बसलो, बस अडवली. सगळ्यांत पुढे मी. घरी आलो तर म्हातारी दारातच.

"अवो, पन शीतलचं..."

"तू मधात बोलू नको. हे गावाचं काम हाय."

बघा. बाई सांगत होती. पण माझ्या डोक्यात घरचं काम एका खोलीत आणि गावचं दुसऱ्या. मधलं दार मी उघडलंच नाही.

आदिलाबादला मोर्चा नेला. कलेक्टर कचेरीपुढे ओरडून माझा घसा बसला. आणि काय सांगू! सरकारनं ऐकलं. दसऱ्याच्या आधी बातमी आली, आमचं गाव तामसीतच राहणार.

डफडी वाजली. मला हार घातला. ट्रॅक्टरवर बसवलं. पोरं नाचून राहिली होती, बाया ओवाळत होत्या. अशात खिशातला मोबाईल वाजला. नाल्यापलीकडचा तरुण.

"काका, अभिनंदन."

"अरे, तुमच्यासारख्यायच्या आशीर्वादानं," मी म्हटलं. त्याचं वय माझ्या नातवाएवढं. पण हार घातलेला माणूस काहीही बोलतो.

"आता शीतलले आमच्याकडून खेळता येत नाई."

"काऊन?"

"तुमचं गाव आमच्यात नाई ना, काका. तुमीच तर काढलं."

ट्रॅक्टर चालला होता. डफडी वाजत होती. मी हारात.

"गाव वाचवलं तुमी," तो म्हणाला, "आन आमचा संघ बुडवला. आमी उरलो सहा."

त्या दिवशी लोकांना वाटलं, म्हातारा आनंदानं मुका झाला.

दुसऱ्या दिवशी गावाला न सांगता कचेरीत गेलो. तिथल्या बाबूनं मला ओळखलं.

"मोर्चावाले काका ना तुमी? बसा, बसा. आता काय राह्यलं?"

"काई नाई, साहेब. गाव तामसीत राह्यलं, चांगलं झालं. राहू द्या."

"हो."

"फकत आमचं घर तेवढं नव्या मंडलात टाका."

त्यानं चष्मा काढला. "घर?"

"एकच घर. गोठा इकडं राह्यला तरी चालते."

"काका, घर म्हंजे बाज हाय का? या अंगनातून उचलली, त्या अंगनात टाकली?"

मग त्यानं शेजारच्या टेबलावरच्याला तेलुगूत हाक मारली, मला चहा मागवला, आणि म्हणाला, "यांना पुन्हा एकदा सांगा." मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्याला बोलावलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की हे काम होण्याकरता चाललेलं नाही. चहा तेवढा पिऊन उठलो.

आता राहिले कोण? पीईटी सर. ज्यांना मी सगळ्यांदेखत बोललो होतो, ते. आणि पोरगी दोन्हीकडून गेलेली. नव्या संघात जागा नाही, जुना मीच सोडायला लावलेला. आदिलाबादचे सामने तोंडावर. शीतल नुसती अंगणात एकटी पायानं रेघ ओढायची आणि तिच्या इकडून तिकडे उड्या मारायची. ते मला पाहवेना.

तामसीच्या शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. कडुलिंबाकडे बघत. जणू लिंबच पाहायला आलो होतो. सर स्वतःच बाहेर आले.

"ताता! मोर्चा बढिया झाला."

"हो." मग घसा खाकरला. "सर, पोरीले परत घ्या."

एवढं वाक्य घशातून यायला फार वेळ लागला. सरांना उत्तराला काहीच लागला नाही.

"घेतली. तिचा जागा खालीच ठेवला होता."

"पन बसवून ठेवू नका."

"ताता, एक बोलू? राग नको करू."

"बोला."

"शीतल रेडला जाते. तुमी ओरडते, डाव्या अंगानं, डाव्या अंगानं. ती तुमच्याकडे पाहते. ती पाहते तोपर्यंत समोरच्या मुली तिला पकडते. दर टाइम असाच. प्रॅक्टिसला तुमी नाही राहात. तेव्हा तिला कोनी पकडू शकत नाही."

"मंग मले सांगाचं ना!"

"सांगितला ना, ताता. आरामसे बसा बोललो. पानी प्या बोललो."

"पोरगी कवा बोलली नाई!"

"मी तिला विचारला. ती बोलली, राहू द्या सर, आबाजीला बरं वाटते."

मी धोतर झटकलं आणि बस धरली.

आदिलाबादच्या सामन्याला मी गेलो नाही. गावातून जीप भरून चालली होती. "चला नेते, पुढं बसा!" मी म्हटलं, बैल आजारी आहे. बैल मागे उभा राहून कडबा खात होता, मजेत. माझ्या जागी म्हातारी गेली. तिनं जन्मात सामना पाहिला नव्हता. नवं लुगडं नेसून गेली. सरांनी तिला मान देऊन आपल्या शेजारी, अगदी रेघेपाशी खुर्ची दिली, हे मला मागून कळलं.

दुपारपर्यंत दम धरला. मग म्हातारीजवळच्या मोबाईलवर फोन लावला.

"काय चालू हाय?"

"तिकडली एक पोरगी इकडं आली होती. मंग वापस गेली. काऊन आली होती, काय मालूम."

"आपली?"

"आपली कवाची खेळून राह्यली. बसलीच नाई अजून."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फोनवर दिसत नाही म्हणून येऊ दिलं.

"आन पॉइंट किती झाले?"

"ते फळ्यावर लिवून राह्यले. मले वाचता येते का? थांबा, थांबा. शीतल चालली वाटते तिकडं."

"कोन्या अंगानं?"

"हे काय, उजव्या."

उजव्या! आता सांगा, मी काय दगड आहे?

"शीतल! डाव्या अंगानं जाय! डाव्या!"

बैल दचकून मागे सरला. फोनमध्ये गलका. मग पुष्कळ लोकांचं "अरेरे". मग म्हातारी.

"अवो, या फोनचा आवाज मोठा करून ठेवला होता कोनं तरी. पोरीनं इकडं पाह्यलं. धरली तिले."

मधे शेतं, नाला, बसचा सगळा रस्ता. तरी घरच्या ओसरीवर बसून, आदिलाबादच्या मैदानात आपल्याच नातीला बाद करणारा दुसरा आजा असेल, तर मला दाखवा. पाया पडेन त्याच्या.

पोरी तरीही जिंकल्या. संध्याकाळी शीतल जीपमधून उतरली ती हसतच.

"आबाजी, फोन काऊन लावला? नुसतं वरडले असते तरी आलं असतं ऐकू."

म्हातारी मोठ्यानं हसली. शीतलचा बाप, जो माझ्यापुढे बोलत नाही, तोही हसला.

पुढच्या सामन्यात शीतल पहिल्यापासून शेवटपर्यंत आत होती. आजी आपल्या खुर्चीवर. आणि सरांनी म्हातारीच्या हातातून मोबाईल घेतला, बंद केला आणि बाकावर नेऊन ठेवला. अख्खा सामना तो तिथंच बसून होता.

म्हणजे मीच.