उर्फ चोपडावाली

खरं तर हे कोणाला सांगायचं नाही, असं आईनं मला देवघरासमोर उभं करून कबूल करून घेतलंय. पण तुम्ही काही आमच्या गल्लीतले नाही. आणि गल्लीतल्यांना तर सगळं माहीतच आहे! मग राहिलं कोण?

माझी मोठी बहीण सोनल मस्कतला असते. तिचं पहिलं बाळंतपण. आई म्हणाली, "मी जाणार म्हणजे जाणार." आई जळगाव-धुळ्याच्या पलीकडे कधी गेलेली नाही. पण ती एकदा 'जाणार' म्हणाली की सुटलेली एसटीसुद्धा थांबते. अडचण एकच, पासपोर्ट.

घरात बिनचूक लिहिणारी मी. बोलायला लाजते, लिहायला नाही. म्हणून फॉर्म माझ्याकडे आला. त्यात एक प्रश्न होता: तुम्हाला दुसऱ्या कुठल्या नावानं ओळखतात का?

आता काय लिहू, सांगा! मला खोटं जमत नाही. आईचं माहेरचं नाव बेबी. लग्नात तांदळात लिहून बदललेलं, कल्पना. माहेर चोपड्याचं, म्हणून शिंदखेड्याच्या आमच्या गल्लीत ती चोपडावाली. शेजारच्या अक्का तिला 'सोनलनी माय' म्हणतात. मी सगळी लिहिली. बाबा 'अगं ए' म्हणतात, तेही लिहिणार होते, पण जागा संपली.

धुळ्याला पासपोर्टच्या खिडकीवर साहेबांनी मोठ्यानं वाचलं, "कल्पना पाटील उर्फ बेबी उर्फ चोपडावाली उर्फ सोनलनी माय?"

अख्खी रांग वळून बघायला लागली.

"बाई, इतकी नावं तर फरार लोकांची असतात!"

मी ओढणीत तोंड लपवलं. आई मात्र ताठ. "साहेब, बठ्ठी नावं माझीच शेत."

"पुरावा?"

आईनं तिथूनच अक्कांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. "अक्का, मी कोण?"

"चोपडावाली, आनखी कोन? डोकं फिरनं का वं तुनं?"

रांग हसली, साहेबही हसले. शेवटी त्यांनी माहेरचं नाव ठेवलं, खालची दोन काढून टाकली आणि मला बजावलं, "बेटा, घरातली नावं घरात. कागदावर असेल तेच खरं."

हे वाक्य मी मनावर घेतलं. घोटाळा झाला तो इथंच!

पंधरा दिवसांनी मी ओट्यावर अभ्यास करत होते. साध्या कपड्यातला एक माणूस मोटरसायकलवरून आला. ते चौकशीला आलेले पोलीस होते, हे मला कुठं ठाऊक? नंतर कळलं, कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांनी आधी 'कल्पना पाटील' विचारलं, तर कोणी ओळखेना. फोटो दाखवल्यावर दुकानदार म्हणाला, "अरे, ही तर चोपडावाली!"

"चोपडावालीचं घर हेच का?" त्यांनी मला विचारलं.

पाहुण्यांना पाणीसुद्धा दाराआडून देणारी मी, चक्क उभी राहिले. "नाही. या नावाचं इथं कोणी राहत नाही."

"नक्की?"

"नक्की!"

"बरं. तसं लिहून टाकतो." त्यांनी फाइल मिटली. मिटता मिटता आतला फोटो दिसला. आईचा!

किक बसली. आणि माझा इतका वेळ खणखणीत चाललेला आवाज नेमका तेव्हाच बसला. कसंबसं ओरडले, "आई!"

आई भाकरी थापत होती. पिठाच्या हातांनी, अनवाणी, ती मोटरसायकलमागे धावली. "ओ साहेब! मीच कल्पना! मीच बेबी! मीच चोपडावाली!"

अक्का ओट्यावरून ओरडल्या, "पय वं, सोनलनी माय, पय!"

कोपऱ्यावर गाडी थांबली. पोलीस परत आले, चहा घेतला, शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या. निघताना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि ही कोण? हिचं नाव तरी नक्की आहे ना?"

पासपोर्ट आला. परवा विमान आहे. आईचं सगळं नीट झालं हो, पण माझं? शाळेच्या दाखल्यावर माझं इतकं छान नाव आहे, पण त्या दिवसापासून गल्लीत त्या नावानं कोणी हाक मारेल तर शपथ! शेंबडी पोरंसुद्धा मला आता—

"ए उर्फ! ये वं लवकर, बॅगवर माझं नाव लिही. एकच लिखजो!"