पार कुंपणापलीकडं

छत्रीमास्तरांनी आपली छत्री उघडलेली मी कधी पाहिली नाही. भर श्रावणातसुद्धा ती मिटलेलीच बगलेत धरून ते भिजत घरी यायचे. उघडझाप केली की काड्या सैल होतात आणि वजन बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या काळाचौकीच्या चाळीत रोज सकाळी नळाला पाणी यायच्या आधी ते दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभे राहायचे, छत्री उलटी धरायचे, मूठ जमिनीला टेकवायचे आणि मग कमरेतून वळून ती खांद्यामागे नेऊन असा एक फटका मारायचे की बादल्या घेऊन निघालेल्या बायका आपणहून थांबायच्या. "थांबा गो, मास्तरांचा होऊंदे," असं एकमेकींना सांगायच्या. समोर चेंडू नसायचा. होती ती फक्त हवा, पण इतकी देखणी गोष्ट त्या अख्ख्या चाळीत दुसरी नव्हती, हे मी आज कबूल करतो. तेव्हा केलं नाही.

मास्तर कुठल्याही शाळेत मास्तर नव्हते. मुंबईतल्या एका गोल्फ क्लबात ते तीस वर्षं कॅडी होते, म्हणजे साहेब लोक खेळत असताना त्यांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन मागून चालायचं आणि चेंडू कुठे पडला ते सांगायचं. उजवा खांदा त्या पिशवीने कायमचा खाली गेला होता. क्लबाचा नियम कडक होता. कॅडीने हिरवळीवर काठी फिरवलेली दिसली की त्याचा पितळी बिल्ला काढून घेत आणि दुसऱ्या दिवसापासून फाटक बंद. मास्तरांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या एका सोबत्याचा बिल्ला असा गेला होता. म्हणून तीस वर्षं त्यांनी गोऱ्या कोचाचं साहेबांना चाललेलं शिकवणं मागे उभं राहून ऐकलं, घरी येऊन छत्रीवर गिरवलं, आणि चेंडू एकदाही मारला नाही.

आम्ही तिघे गिरणीच्या ऑफिसात कारकून होतो. मी, मालवणचा पेडणेकर आणि डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतला सोनावणे. विणखात्याचा गोरा मास्तर विलायतेला परत गेला तेव्हा त्याची काठ्यांची पिशवी गोदामात धूळ खात पडली. पेडणेकरने ती उचलून आणली आणि साहेबाचा खेळ आपण का खेळू नये, असा सवाल टाकला. कॉटन ग्रीनला कापसाच्या गोदामांमागे एक ओसाड पट्टा होता. गुडघाभर गवत आणि लांब टोकाला तारेचं कुंपण. रविवारी सकाळी आम्ही तिथे जमू लागलो आणि शिकवायला मास्तरांना घेऊन गेलो. एक दिवस आधी विचारलं तेव्हा ते छत्री बगलेत मारून निघून गेले. सकाळी मात्र ते आमच्या आधी जिन्याखाली उभे होते, धुतलेलं धोतर नेसून.

त्यांचं शिकवणं म्हणजे सालटं काढणं. सोनावणेला म्हणाले, "कंबर आसा काय दाराची बिजागरी? गंजलेली." पेडणेकरला म्हणाले, "मेल्या, तू चेंडू मारतंस काय त्याची माफी मागतंस?" मला तर पहिल्याच रविवारी सांगून टाकलं की तुझ्या हातात काठी दिली तरी ती काठीलाच लाज. पण नजर अशी की माणसाने फटका मारायच्या आधीच ते चूक सांगायचे. त्यांचा एकच मंत्र होता. "नजर खाली. पाच मोज. मगे वर बघ." फटका मारल्यावर चेंडू कुठे गेला ते मारणाऱ्याने बघायचं नाही. मान वर झाली की खांदा उचलला जातो आणि पुढच्या वेळी फटका फसतो. बघायचं काम कॅडीचं. मारणाऱ्याने पाच मोजायचे आणि विचारायचं, "खंय गेलो?" म्हणजे कुठे गेला. आम्हीही तसंच विचारायला शिकलो आणि मास्तर उत्तर द्यायचे, "खंय जातलो? थंयच आसा, तुझ्या पायाकडे." आम्ही तिघे एकमेकांच्या फजितीला पोट धरून हसायचो. त्या सकाळी फार मजेच्या गेल्या.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. संध्याकाळी सभा, मोर्चे, "झालाच पाहिजे"च्या घोषणा, आणि रविवारी सकाळी आम्ही लोखंडी काठ्या खांद्यावर टाकून निघालेलो. चाळीत टोमणे बसत की भाऊबंद मार खातायत आणि ह्यांना गोऱ्यांचे चोचले सुचतायत. एका रविवारी पोलिसांनी नाक्यावरच आम्हाला धरलं. एवढ्या काठ्या कशाला, म्हणून चौकीत बसवलं. मास्तर शांतपणे उठले आणि हवालदाराच्या हातातल्या लाठीकडे बघत म्हणाले, "साहेब, अंगठा असा उघडा ठेवलात तर एक दिवस मनगट जाईल. असा धरा." त्यांनी त्याची बोटं एकेक करून बसवून दिली. हवालदाराने दोनदा हवेत लाठी फिरवली, खूश झाला आणि आम्हाला सोडून दिलं. पुढच्याच आठवड्यात मोर्च्यावर लाठीहल्ला झाला आणि पेडणेकर पाठीवर जांभळा वळ घेऊन आला. सदरा वर करून म्हणाला, "मास्तर, बघा तुमचो शिष्य. अंगठो बरोबर होतो." मास्तरांनी वळ नीट न्याहाळला आणि म्हणाले, "त्याचो खांदो अजून उचलता." असं त्यांचं प्रेम.

माझं बिनसलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. मला मुलगी सांगून आली होती. मुलीचे मामा चाळीत चौकशीला आले आणि नेमके जिन्यात मास्तरांना भेटले. मास्तर म्हणाले, "झील बरो आसा. पण हातात धरलेला काय धड धरूक येणा नाय." पोरगा चांगला, पण हातात धरलेलं काही धड धरता येत नाही, हे त्यांच्या दृष्टीने ते काठीबद्दल बोलत होते. मामा हसले, वर येऊन चहाही प्यायले, आणि आठ दिवसांनी नकार कळवला. नकाराचं कारण दुसरंही असेल. मी दुसरं कारण शोधलं नाही. सगळं पोटात ठेवलं आणि रविवारी नेहमीप्रमाणे गेलो.

त्याच रविवारी पेडणेकरने मास्तरांना डिवचलं. "मास्तर, तुम्ही उंटावरचे शहाणे. एकदा मारून तरी दाखवा." मास्तर आधी नको म्हणाले. मग त्यांनी काठी घेतली. चेंडूसमोर उभे राहिले, वळले, आणि गॅलरीतला तोच फटका मारला. काठी चेंडूच्या डोक्याला नुसती घासली. चेंडू दहा पावलं घरंगळला आणि गवतात थांबला. मास्तरांची मान खाली. एक, दोन, तीन, चार, पाच. "खंय गेलो?"

पेडणेकर माझ्याकडे बघत होता. पुढे चेंडू गोळा करायला उभा असलेला सोनावणेही बघत होता. मी म्हणालो, "पार कुंपणापलीकडं."

मास्तरांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून मला लाज वाटायला हवी होती. मला हसू आलं. त्यांना खोटं कळलं नाही याचं कारण फक्त आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. जवळचं दिसायचं, लांबचं पांढुरकं. चेंडू न दिसणारा कॅडी क्लब ठेवणार नाही, म्हणून ते क्लबात दुसऱ्या कॅडींच्या आवाजावर भागवून नेत होते. आमच्यावर विश्वास टाकून त्यांनी हे सांगितलं होतं.

मग तो आमचा दर रविवारचा खेळ झाला. मास्तर मारायचे, चेंडू कधी दहा पावलं जायचा, कधी जेमतेम पाच. सोनावणे तो उचलून खिशात घालायचा आणि मी सांगायचो, पार कुंपणापलीकडं. पेडणेकर गवतावर लोळायचा. इतके रविवार ज्याने आमची सालटं काढली त्याला आम्ही हरभऱ्याच्या झाडावर चढवत होतो आणि तो आनंदाने चढत होता. एकदा ते हात चोळत म्हणाले, "कोच साहेब सांगायचो, बरोबर लागलो तर हाताक कळणा नाय. मगे माझ्या हाताक झिणझिण्यो कित्याक येतत?" पेडणेकर म्हणाला, "हात म्हातारे झाले, मास्तर." त्यांनी मान डोलावली.

आणि मग ती बातमी आली. क्लबाचा गोरा कोच मायदेशी निघाला होता. सेक्रेटरी साहेबांनी मास्तरांना बोलावून सांगितलं की तुला माणसाची चूक कळते असं सगळे म्हणतात. येत्या रविवारी मेंबरांसमोर तीन चेंडू मारून दाखव, जमलं तर शिकवायला ठेवू. मास्तर जिने चढत धापा टाकत माझ्याकडे आले. डोळे जाणार, पिशवी सुटणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शिकवायला मात्र लांबचं दिसावं लागत नाही. माणूस दोन हातांवर असतो. त्यांच्या उरलेल्या आयुष्याला तेवढी एकच वाट होती.

सोनावणेने मला ऑफिसात गाठलं. "पुरे झालं आता. खरं सांगून टाक त्यांना. थट्टा होती म्हणावं." मी म्हटलं, तूच सांग. तो म्हणाला, "कुंपण तू दाखवलंस, मी नाही." शनिवारी संध्याकाळी मास्तर आपणहूनच आले. त्यांच्या बायकोने, आमच्या काकींनी, नवा सदरा शिवला होता, तो दाखवला. मग दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "झिला, खरां सांग. जातत मां माझे चेंडू?"

मला त्या क्षणी मुलीचे मामा आठवले. खोटं कशाला बोलू, तेच आठवले. मी म्हणालो, "पार कुंपणापलीकडं, मास्तर."

ते म्हणाले, "मगे उद्या तू माझो कॅडी."

दुसऱ्या दिवशी काकींनी त्यांच्या हातावर दही घातलं आणि आम्ही निघालो. काठी मी धरली होती. तीस वर्षांत पहिल्यांदा मास्तर पुढे चालत होते आणि त्यांच्या मागून काठी घेऊन दुसरा कुणी येत होता. क्लबाच्या फाटकाशी त्यांनी बिल्ला धोतराच्या टोकाने पुसला. दहाबारा मेंबर खुर्च्या टाकून बसले होते आणि लांब ओळीने कॅडी उभे होते. मास्तरांनी चेंडूशिवाय एकदा काठी फिरवली आणि सगळ्यांच्या माना वळल्या. एक म्हातारा मेंबर तर खुर्चीतून अर्धा उठला.

मग त्यांनी चेंडू मारला. तो त्यांच्या बुटापासून चार हात गेला. मास्तरांची मान खाली, ओठ हलत होते, पाचपर्यंत. "खंय गेलो?" मी मूग गिळून उभा राहिलो. खुर्च्यांमधून हसू फुटलं. त्यांना वाटलं कौतुक चाललंय. दुसरा फटकाही चेंडूला नुसता घासला. पुन्हा पाच मोजले, पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्या वेळी कुणी हसलं नाही. मास्तरांनी मान वर केली तेव्हा हिरवळीकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. दोन हातांवरचं त्यांना चांगलं दिसायचं.

सेक्रेटरी साहेब जवळ आले. समोर लांब खड्ड्यात रोवलेल्या झेंड्याचा रंग विचारला. मास्तरांना सांगता आला नाही. साहेबांनी हात पुढे केला आणि मास्तरांनी बिल्ला काढून त्यावर ठेवला.

आठवडाभर गॅलरीत छत्री फिरली नाही. बायका सवयीने बादल्या घेऊन थांबायच्या आणि मग निघून जायच्या. पेडणेकरला आणि सोनावणेला मी सगळं सांगितलं. त्या रविवारी दोघेही पट्ट्यावर आले नाहीत. मी का गेलो ते माहीत नाही. माफी मागायची असेल बहुतेक. मास्तर तिथे आधीच उभे होते, बगलेत छत्री.

मी तोंड उघडलं तसं ते म्हणाले, "उभो रव." मी उभा राहिलो. त्यांनी वाकून माझे पाय सरकवले, उजवा खांदा दाबला, माझी बोटं एकेक करून काठीवर बसवली. त्यांचा हात गार होता. एकही शिवी दिली नाही. "मार," म्हणाले. मी मारला. हाताला काहीच कळलं नाही. काठी जशी हवेतून गेली. वर्षभरात असं पहिल्यांदा झालं होतं. मी मान खाली ठेवली, पाच मोजले आणि आनंदाच्या भरात सगळं विसरून विचारलं, "मास्तर, कुठं गेला?"

मग त्यांच्या मालवणीत नाही, माझ्या बोलीत, माझ्याच सुरात ते म्हणाले, "पार कुंपणापलीकडं."

मी मान वर केली तेव्हा ते गोदामांच्या दिशेने निघाले होते. महिन्याभरात मास्तर आणि काकी खोली सोडून गावी गेले. मला निरोप नव्हता.

त्या रविवारी मी दुपार होईपर्यंत गवतात चेंडू शोधला. कुंपणाच्या अलीकडे शोधला, मग तार उचलून पलीकडे शिरलो आणि तिथेही शोधला. तो मला सापडला नाही.