देवरामचे दिवस

आमच्या खाडीकाठच्या कोपर गावात परवा बातमी फुटली: आवडाबाईला वेड लागलं, खाडीवर काठीने कावळे मारत सुटलीय. दूधवाल्यापासून तिसऱ्या मजल्यावरच्या देवयानीपर्यंत ज्याने त्याने त्यात आपला एक कावळा घातला. संध्याकाळपर्यंत डझनभर मेले. खरं सांगतो, मेला एकही नाही. ती फक्त हाकलत होती. मी तिथेच होतो, जेवणाच्या आशेने.

आवडाबाई आमच्या बिल्डिंगमागच्या गावठाणातली. सुकट वाळत घालायची, कावळे राखायचे आणि आल्यागेल्याची टिंगल करायची, असा तिचा दिवस. करोना सरला त्या वर्षी तिचा नवरा देवराम कोर्टाच्या तारखेला ठाण्याला गेला, तो परतलाच नाही. तेव्हापासून ठाण्यात कुठे बेवारस प्रेत आल्याचं कळलं की ही शवागारात पोचते. ‘तो नाही’ एवढं बघून बाहेर येते, भिंतीला टेकते आणि वडापाव खाते. “आज घास उतरतंय बग,” म्हणते.

दिवस या शब्दाला आपण फार राबवतो हो. सुनेला गेले की पेढे, म्हाताऱ्याचे भरले की कुजबुज, मेलेल्याचे घातले की जेवणं. आवडाबाईला आधी सगळे म्हणत, “दिवस काढ, येईल.” मग म्हणू लागले, “किती दिवस वाट बघशील?” आणि यंदा धाकटा दीर जगन म्हणाला, “वयनी, दादाचे दिवस घालून टाकू.” त्याच्या मुलीचं, दर्शनाचं लग्न ठरलंय. मांडवात पितरांना आवतण द्यायचं, तर देवरामला पितरांत धरायचं की पाहुण्यांत, हे कुणीच सांगेना.

आवडाबाई नाही म्हणाली. हात जोडले, धाकट्या दिराच्या पाया पडली, कुंकवाची डबी पदराला बांधून फिरू लागली. तरी जगनने दर्भाचा देवराम करून जाळला, आणि दहाव्याला खाडीकाठी पिंड मांडले.

कावळा शिवेपर्यंत कुणी जेवायचं नाही. आणि आवडाबाई सुकटीवरची काठी घेऊन पिंडापुढे उभी. कावळा उतरला की काठी आपटायची. ऊन डोक्यावर आलं. भटजी घड्याळ बघू लागले.

मी म्हटलं, “आवडाबाई, एखाद्याला तरी शिवू द्या हो, वडे गार झाले.”

एरवी तिने माझ्या सात पिढ्यांची अब्रू काढली असती. माझ्याकडे बघितलंही नाही. एवढ्यात एक कावळा मागून आला, तशी ती पदर पसरून पिंडांवर पालथी पडली.

भटजी हळूच म्हणाले, “दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ.”

जगन तिच्याजवळ खाली बसला. त्याचेही डोळे वाहत होते. “वयनी, उठ गो. पोरं भुकेली हाईत. दादाला जाऊ दे आता.”

ती पडल्या पडल्याच बोलली, “जेवा ना, पोटभर जेवा. पन उद्या तो दारात आला, तं तुझा दहावा जेवलो म्हनून तूच सांग त्याला. मी नाय सांगनार.”